गळाला मासा आणि समोर अस्वल

प्रश्न : मुलगा अलास्कात अँकरेजला राहतो. जुलैत त्याच्यासोबत रशियन नदीवर सॅमन धरायला जायचं ठरतंय. तिथं अस्वलं येतात म्हणे. आलंच तर काय करावं? – एक वाचक, नागपूर

उत्तर : येतात, आणि तुमच्यासारखीच माशांसाठी येतात. गळाला मासा असताना अस्वल दिसलं, तर दोर ढिला सोडा किंवा सरळ कापून टाका. माशाची तडफड त्याला जवळ ओढते. इथं मोह आवरणं सर्वांत अवघड, आणि तेच सर्वांत गरजेचं. एकदा माणसाकडून आयता मासा मिळाला, की ते अस्वल पुढच्या प्रत्येकाकडे वसुलीला जातं. म्हणून धरलेले मासे, डबा, पिशवी हाताशीच ठेवा.

पळू नका. अस्वल ताशी ५० किलोमीटरच्या आसपास धावतं. सगळे एकत्र या, शांत आवाजात बोला, त्याला वाट देत मागे सरका. तपकिरी अस्वलाने अचानक गाठून अंगावर झडप घातलीच, तर पालथं पडून मान हातांनी झाकावी, निपचित राहावं. काळ्या अस्वलाशी मात्र झुंजायचं. फक्त रंगावर विसंबू नका. काळी अस्वलंही कधी तपकिरी असतात. तपकिरीच्या खांद्यावर उंचवटा असतो, तो पाहा.

अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा कमरेला हवा, सॅकच्या तळाशी नव्हे. तो विमानात नेता येत नाही, सामानातही नाही; अँकरेजलाच घ्या.