घरातील संगणक : मालकी, परवानगी आणि सामाईक वापर

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• क्षमता आणि परवानगी यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• घरातील संगणकावर स्वतंत्र खाती व सामाईक फोल्डर यांची मांडणी करता येईल.
• क्षेत्रीय अभ्यासात जमवलेली भाषिक सामग्री जबाबदारीने सांभाळता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, बोलीच्या अभ्यासासाठी आपण ओव्या, कहाण्या, आठवणी ध्वनिमुद्रित करता. हे ध्वनिमुद्रण बहुधा घरातल्या एकुलत्या एका संगणकावर ठेवले जाते. त्याच संगणकावर धाकटा भाऊ खेळ खेळतो आणि वडील विजेचे बिल भरतात. सर्वजण एकाच खात्यातून काम करीत असतील, तर जागा अपुरी पडली म्हणून कोणी ते फोल्डर सहज पुसून टाकू शकतो. एखाद्या वृद्ध निवेदिकेने सांगितलेली कहाणी पुन्हा तशीच ऐकायला मिळेल याची शाश्वती नसते. म्हणून परवानग्यांची व्यवस्था हा केवळ तांत्रिक विषय नाही.

विषय-विवेचन

१. परवानगीचे वाक्य

‘तिला वाचता येते’ या वाक्यातून प्रामुख्याने क्षमता व्यक्त होते. ‘मी तिला वाचू देतो’ या वाक्यातून परवानगी व्यक्त होते. दुसऱ्या वाक्यात देणारा, घेणारा, क्रिया आणि अध्याहृत वस्तू असे चार घटक आहेत. संगणकावरील प्रत्येक परवानगी याच चार घटकांची बनलेली असते. ‘सगळ्यांना सगळे’ अशी मोकळीक दिली की यांपैकी एकाही घटकाचा विचार झालेला नसतो.

२. खाती

विंडोज प्रणालीत प्रशासक आणि सामान्य वापरकर्ता अशी दोन प्रकारची खाती असतात. प्रशासकाला नवे खाते उघडता येते, सर्वांसाठी प्रणाली बदलता येते आणि इतरांच्या फाइलींचा ताबाही घेता येतो. जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ च्या आपल्या लेखात कामापुरताच अधिकार देण्याचे तत्त्व मांडले. त्यानुसार घरातील प्रत्येकाला सामान्य खाते व स्वतंत्र पासवर्ड असावा. प्रशासकाचे खाते वेगळे ठेवावे आणि रोजचे काम आपणही सामान्य खात्यातूनच करावे.

३. क्रिया आणि गट

युनिक्स परंपरेतील प्रणालींत वाचणे, लिहिणे व चालवणे या तीन क्रिया मालक, गट व इतर या तिघांसाठी स्वतंत्रपणे ठरवल्या जातात. म्हणजे एकूण ९ निर्णय. मराठीतील ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते, तर ‘आपण’ त्याला सामावून घेते. गट तयार करताना हाच प्रश्न विचारावा : हे फोल्डर ‘आमचे’ की ‘आपले’?

येथे एक बाब ध्यानात ठेवावी. या प्रणालींत फाइल पुसण्याचा अधिकार सामान्यतः त्या फाइलीच्या नव्हे, तर ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या लेखन-परवानगीवर अवलंबून असतो. केवळ फाइल ‘वाचनापुरती’ केल्याने ती सुरक्षित होत नाही.

४. दोन दारे

विंडोजमध्ये फोल्डर नेटवर्कवर खुले केले की दोन परवानग्या लागू होतात : एक सामाईक वापराची, दुसरी फाइल-व्यवस्थेची. वाड्याचा दिंडीदरवाजा आणि आतल्या खोलीचे दार असे हे नाते आहे. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही दारे ओलांडावी लागतात. त्यामुळे दोहोंपैकी अधिक कडक नियम प्रभावी ठरतो. मात्र त्याच संगणकासमोर बसलेला माणूस वाड्याच्या आतच असतो. त्याला फक्त दुसरे दार अडवते. म्हणून निर्बंध आतल्या दारालाही असावा.

पाहुण्यांसाठी राउटरवरील ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असल्यास ती वापरावी. काम संपताच दिलेली परवानगी काढून घ्यावी. परवानग्या कितीही काटेकोर असल्या, तरी डिस्क बिघडल्यास त्यांचा उपयोग नाही; सामग्रीची एक प्रत अन्यत्र ठेवावीच.

समारोप

आपल्या ध्वनिमुद्रणांचा मूळ ‘देणारा’ आपण नसून निवेदक असतो. त्याने आपल्याला ऐकू दिले. ती परवानगी घरभर आपोआप पसरत नाही. निवेदकाने घातलेली मर्यादा संगणकावर तशीच उतरवणे, हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘-ता येणे’ आणि ‘-ऊ देणे’ या रचनांतील अर्थभेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. आपल्या घरातील प्रत्येक सामाईक फोल्डरसाठी चारही घटक असलेले परवानगीचे वाक्य लिहा. जे वाक्य पूर्ण करता येत नाही, त्या फोल्डरची परवानगी तपासून पाहा.