बिऱ्हाड सौदीला नेण्याआधी

सौदीत पगारावर प्राप्तिकर नाही, एवढे ऐकूनच आपले बरेच कारागीर बिऱ्हाड हलवतात. आम्हीही तसेच समजत होतो. पण जुलै 2017 पासून परदेशी कामगाराच्या कुटुंबावर माणशी फी लागू झाली. दरमहा 100 रियाल. ती दरवर्षी शंभराने वाढत 2020 मध्ये 400 वर गेली. बायको आणि तीन मुले धरली तर वर्षाला 19,200 रियाल, आणि तेही इकामा नवा करताना आगाऊ! ही रक्कम कंपनी भरणार की आपण, हे करारात आधी पाहून घ्यावे. बाजारात 15 टक्के व्हॅट वेगळाच.

इकडे आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम 182 दिवसांपेक्षा कमी भरला, तर नोकरीवर गेलेल्याच्या तिकडच्या पगारावर इथे कर नाही. गाळ्याचे भाडे मात्र इथे करपात्रच.

शाळेचा प्रश्न याहून नाजूक. जेद्दा, रियाधच्या भारतीय शाळांत सीबीएसईचा अभ्यासक्रम आणि इंग्रजी माध्यम. आमच्यासारखे उर्दूत शिकलेले आईबाप घरी काय शिकवणार? मूल उर्दू किंवा मराठी शाळेत असेल तर निघण्याआधी वर्षभर इंग्रजी पक्के करून घ्यावे. सीबीएसईच घ्यायची ती परतीचा विचार करून: नोकरी सुटली तर मुलाला इथे त्याच बोर्डाची शाळा मिळते. नववी-दहावी मिळून एकच अभ्यासक्रम असतो, म्हणून न्यायचे तर आठवी संपताच न्यावे.