धोतरातला स्पायडरमॅन

परकी गोष्ट आपल्याकडे आणायची तर नुसती नावे बदलून भागत नाही, हे मराठी नाटकवाल्यांना केव्हाच कळले होते. पु. ल. देशपांडे यांचे 'ती फुलराणी' (१९७५) घ्या. मूळ नाटक बर्नार्ड शॉचे, लंडनच्या फूलवालीचे. पुलंनी माणसे, गाव, भाषा सगळे बदलले, पण बोलण्यावरून माणसाची किंमत ठरते हा प्रश्न मात्र तसाच ठेवला. तो प्रश्न आपल्याकडे होताच! ही फूटपट्टी घेऊन आज एक कॉमिक तपासू.

२००४ साली शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी 'स्पायडर-मॅन: इंडिया' ही चार अंकांची मालिका काढली. न्यूयॉर्कचा पीटर पार्कर इथे मुंबईचा पवित्र प्रभाकर झाला, मेरी जेनची मीरा जैन झाली आणि अंकल बेनचे अंकल भीम. अंगात तोच लाल-निळा ड्रेस, पण खाली धोतर. नावांचे हे यमक वाचून हसू येते, तिथे जास्त थांबायला नको.

पवित्र हा खेड्यातून स्कॉलरशिपवर मुंबईत शिकायला आलेला मुलगा आहे. वर्गातली मुले त्याच्या गावठीपणावर हसतात. हे शंभर टक्के खरे. मी कॉन्व्हेंटची. फर्स्ट इयरला ओळख करून देताना आर्वीकडचा एक मुलगा "माह्यं नाव" म्हणाला तेव्हा वर्ग हसला, त्यात सगळ्यात मोठ्याने मी. तो नंतर पूर्ण सेमिस्टर एकही डाऊट विचारायला उभा राहिला नाही. कॉमिकमधली ती पाने वाचताना मी हसणाऱ्यांच्या बाजूला आहे हे लक्षात आले, आणि बरे वाटले नाही.

दुसरा बदल तर मुळापेक्षाही चांगला आहे. १९६२ च्या मूळ कथेत पीटर एका चोराला पळून जाऊ देतो आणि पुढे तोच चोर अंकल बेनला मारतो. इथे पवित्र गुंडांनी घेरलेल्या बाईला तसेच सोडून निघून जातो. तिला वाचवायला धावतात ते अंकल भीम, आणि त्यांचा जीव जातो. "आपल्याला काय करायचे" म्हणून बाजूने निघून जाणे आपल्याला शिकवावे लागत नाही.

गाडी अडते ती शक्तीपाशी. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा पीटर सायन्सचा विद्यार्थी. त्याला रेडिओअ‍ॅक्टिव्ह कोळी चावतो, पण जाळे फेकायचे यंत्र तो स्वतः डोके लावून बनवतो. म्हणजे आपल्यातलाच, प्रॅक्टिकलवाला! पवित्रला मात्र एक योगी भेटतो आणि शक्ती देऊन टाकतो. खलनायक नलिन ओबेरॉयसुद्धा ताईत वापरून राक्षस होतो. का बरे? कथा मुंबईतली आहे. त्याच मुंबईत ट्रॉम्बेला भारताची पहिली अणुभट्टी 'अप्सरा' १९५६ साली सुरू झाली, स्पायडरमॅनच्या जन्माआधी सहा वर्षे. कोळी तिथेही चावू शकला असता. भारत म्हटले की योगी, हे आधीच ठरलेले होते असे मला वाटते. स्कॉलरशिप मिळवणाऱ्या पोराची हुशारी त्यात वायाच गेली.

२०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या सिनेमात पवित्र पुन्हा आला. तिथे तो मजेत असतो, न्यूनगंड वगैरे काही नाही, आणि चहाला 'चाय टी' म्हणणाऱ्या माइल्सला सुनावतो. थिएटरात टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या.

तो आर्वीकडचा मुलगा आता माझा प्रोजेक्ट पार्टनर आहे. त्याला कॉमिकमधली चित्रे दाखवली. योग्याबद्दल त्याचे काहीच म्हणणे नव्हते. धोतराकडे बोट दाखवून तो म्हणाला, "मुंबईले शिकाले गेलेला पोट्टा धोतर कायले नेसन वो? आमच्या गावात त आबाच नेसते."