बंद बरणीतली बाग

प्रश्न : झाकणाच्या काचेच्या बरणीत जेड आणि छोटं निवडुंग लावलं. तळाशी खडे घातले, रोज चमचाभर पाणी दिलं, उन्हाच्या खिडकीत ठेवलं. पंधरा दिवसांत दोन्ही कुजली. माझा हात झाडांना लागत नाही का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : हाताला दोष देऊ नका, निवड चुकली. जेड आणि निवडुंग पानांत, खोडात पाणी साठवतात; त्यांना कोरडी, मोकळी हवा लागते. ती उथळ, उघड्या भांड्यात लावा. बंद बरणीत फिटोनिया, लहान नेचे आणि शेवाळ छान रमतात. लंडनचे डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांच्या बंद बाटलीतही 19व्या शतकात नेचा उगवला होता.

तळाच्या खड्यांमुळे पाण्याचा निचरा होतो, हा गैरसमज फार पसरलेला आहे. बरणीला भोक नसतं, त्यामुळे पाणी खड्यांत उतरलं तरी आतच राहतं. म्हणून पाणी कमीच द्या. झाकण लावल्यावर पाण्याची वाफ काचेवर जमते आणि थेंब होऊन मातीत परतते, त्यामुळे कित्येक आठवडे पाणी लागत नाही. सकाळी काचेवर थोडं दव दिसलं तर ठीक. दिवसभर काच धुरकट राहिली तर झाकण काही तास उघडं ठेवा. माती कोरडी वाटली तरच दोन-चार फवारे.

थेट ऊन मात्र नको. बंद काच तापते आणि झाडं आत अक्षरशः शिजतात. खिडकीपासून थोडं दूर, उजेडात ठेवा. खत घालू नका. पावसाळ्यात कुंपणाच्या भिंतीवरचं शेवाळ आणलंत, तर किडे निघेपर्यंत आधी धुऊन घ्या. कुजलेलं पान दिसताच काढा, नाहीतर बुरशी शेजारच्या झाडावर जाते. जुनी माती टाकून, बरणी साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून नव्याने सुरू करा. पहिल्यांदा एकच फिटोनिया पुरे.