आधी वारा बघ, मग रिसॉर्ट

अगं, मॉरिशसचं ठरतंय हे ऐकून किती बरं वाटलं म्हणून सांगू! इतकी वर्षं घरातल्या सगळ्यांच्या सुट्ट्या तूच जुळवत आलीस. आता एकदा लांबचं, मनासारखं काही करायचं म्हणतेस, तर जरूर कर. पण तू पाठवलेली रिसॉर्टची यादी मी मुद्दामच बाजूला ठेवली आहे. रिसॉर्ट पहिल्यांदा निवडायचंच नसतं, बाई. आधी महिना, मग बेटाची बाजू, मग जेवणाचा हिशेब, आणि सगळ्यात शेवटी रिसॉर्ट. हा क्रम पाळलास की निम्मी डोकेदुखी तिथेच मिटते. फोटोत सगळ्याच रिसॉर्टचा समुद्र निळाशार असतो. वारा मात्र कुठल्याच फोटोत दिसत नाही.

महिन्यापासून सुरुवात करू. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून ऋतू आपल्या उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल तिथला उन्हाळा. तो दमट आणि पावसाचा असतो, आणि चक्रीवादळांची भीती मुख्यतः जानेवारी ते मार्च या काळात. वादळाचा इशारा वरच्या पायरीवर गेला की विमानतळ बंद होतो आणि हॉटेलवाले कुणाला बाहेर सोडत नाहीत. सासूबाईंना आणि लेकरांना घेऊन तो धोका कशाला पत्करायचा? मे ते ऑक्टोबर तिथला हिवाळा, पण किनाऱ्यावर संध्याकाळी पातळ जॅकेट पुरेल इतपतच. आपली मे महिन्याची सुट्टी त्यांच्या या हिवाळ्याच्या तोंडाशी येते. ऊन मवाळ झालेलं असतं आणि पाणी अजून उबदार असतं. दिवाळी ऑक्टोबरात येत असेल तर ती सुट्टीही झकास, कारण सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिथले सगळ्यात कोरडे महिने. नाताळात मात्र युरोपातून पर्यटक लोटतात आणि भाव चढतात. तुला मे जमत असेल तर डोळे मिटून मे घे.

आता बेटाची बाजू. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही. बेट साधारण दोन हजार चौरस किलोमीटरचं, आपल्या गोव्याच्या निम्म्याहून थोडं मोठं. पण चारी बाजूंचे किनारे चार स्वभावांचे आहेत. आग्नेयेकडून व्यापारी वारे येतात आणि जून ते सप्टेंबर त्यांचा जोर असतो. तेव्हा पूर्वेकडच्या बेल मारची ती लांबच लांब पांढरी वाळू सुंदरच असते, पण वाऱ्याने टॉवेल उडतात, पाणी खवळतं आणि लेकरं कुडकुडतात. त्या दिवसांत पश्चिमेचं फ्लिक आं फ्लाक किंवा उत्तरेचं त्रू ओ बिश बरं, तिथे वारा अडतो. उन्हाळ्यात उलट पूर्वेचा वारा हवाहवासा वाटतो. उत्तरेच्या ग्रां बेला दुकानं, खाण्याच्या जागा, संध्याकाळची वर्दळ. नैर्ऋत्येच्या ल मॉर्नला डोंगर, शांतता आणि महागडी रिसॉर्ट. विमानतळ आग्नेयेला, माहेबूरजवळ. तिथून ग्रां बे म्हणजे गाडीने तासाभराहून जास्त. रात्रभर जागून उतरल्यावर सासूबाईंना ते झेपेल का, हाही विचार कर. तुमच्यासाठी मी पश्चिम किनारा सुचवीन. सूर्य समुद्रात बुडताना दिसतो आणि शामारेल, ल मॉर्न जवळ पडतं.

पाण्याविषयीही नीट ऐक. बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाची भिंत आहे. किनाऱ्यावर उभी राहिलीस की दूरवर एक पांढरी रेघ दिसेल, मोठ्या लाटा तिथेच फुटतात. तिच्या आतलं पाणी उथळ आणि शांत असतं, बऱ्याच ठिकाणी लहान मूल उभं राहू शकेल इतकं. पण दक्षिणेला ग्री ग्रीपाशी ही भिंत तुटलेली आहे आणि समुद्र सरळ कड्यावर येऊन आदळतो. तिथे फक्त बघायचं, पाण्यात पाऊल घालायचं नाही. उथळ पाण्यातही सगळ्यांच्या पायात रबरी तळव्याचे पाण्यातले बूट हवेत, कारण तळाशी समुद्री साळू असतात, दगडासारखा दिसणारा विषारी मासाही असतो. हे बूट इथूनच घेऊन जा. आणि लेकरांना आधीच बजाव: प्रवाळावर उभं राहायचं नाही, शिंपले-प्रवाळ पिशवीत घालायचे नाहीत. ती भिंत जिवंत प्राण्यांनी बांधलेली आहे आणि तिच्याच जोरावर हा किनारा टिकून आहे. 2020 च्या जुलैत वाकाशियो नावाचं जहाज तिच्यावर आदळलं आणि पुढे तेल पसरलं, तेव्हा गावोगावचे लोक उसाची पाचट कापडी पिशव्यांत भरून तेल अडवायला धावले होते. आपण पाहुणे म्हणून जातो, तर त्यांची ही भिंत आपणही जपायला हवी. डॉल्फिन बघायच्या बोटीही अशाच निवडून घे. कळपाचा पाठलाग करत नाही, अंतर राखतो, असं सांगणारा बोटवाला मिळाला तरच जा.

आता जेवण. इथे पैसा पाण्यासारखा जातो. 'हाफ बोर्ड' म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण. त्यात पेयं नसतात, पुष्कळदा जेवणाच्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचेही पैसे पडतात. 'ऑल इन्क्लुझिव्ह'मध्ये सगळं येतं, पण त्या दरातला मोठा वाटा मद्याचा असतो. तुमच्याकडे कुणी घेत नाही, मग दुसऱ्याच्या पेल्याचे पैसे तू का भरायचेस? शिवाय रोज दुपारी रिसॉर्टवरच जेवायचं म्हटलं की माणूस बाहेर पडतच नाही. हाफ बोर्ड घे आणि दुपारी बाहेर खा. सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत, हे बुकिंगच्या आधीच रिसॉर्टला ईमेलने कळव आणि लेखी उत्तर माग. 'शाकाहारी मिळेल' एवढ्यावर थांबू नकोस. मासे, अंडी, मांसाचा रस्सा काहीच नको, हे एकेक करून लिही.

बाहेर काय खायचं? धोल पुरी. राजधानी पोर्ट लुईच्या मंडईत किंवा रस्त्यावरच्या गाडीवर उभी राहा आणि बघ. वाटलेली डाळ भरून लाटलेली, पातळ, मऊसूत, पिवळसर पुरी. लाटण्याची रीत आपल्या पुरणपोळीची, पण गोड अजिबात नाही. गाडीवाला दोन पुऱ्या एकावर एक टाकतो, मोठ्या पांढऱ्या दाण्यांच्या शेंगांची आमटी पसरतो, त्यावर टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी, झरझर गुंडाळी करतो आणि कागदात बांधून हातात देतो. चटणी किती, ते आधीच सांग, झणझणीत असते. शिवाय डाळीच्या वड्यांसारखे 'गातो पिमां' आणि फालुद्याच्या जातीचं थंडगार 'आलुदा'. सगळं कुटुंब पोटभर खाईल आणि तुझ्या बटव्याला कळणारही नाही.

आता रिसॉर्टची यादी काढ आणि प्रत्येकाला तेच प्रश्न विचार. खोली तळमजल्यावर मिळेल का? सासूबाईंचे गुडघे, आणि बऱ्याच ठिकाणी लिफ्टच नसते. न्हाणीघरात टब आहे की नुसता शॉवर? समोरचा किनारा पोहण्याजोगा आहे की खडकाळ? कयाक, पॅडलबोट, काचेच्या तळाची बोट भाड्यात धरली आहे का? लहान मुलं चालतात ना? काही रिसॉर्ट फक्त मोठ्यांसाठीच असतात. खोली दुपारी दोन-तीनच्या आधी देतील का? तुम्ही सकाळी पोचलात तर पोहण्याचे कपडे आणि औषधं वरच्या छोट्या बॅगेत ठेव, म्हणजे खोली मिळेपर्यंत लेकरं पाण्यात आणि तू निवांत. पोहण्याच्या तलावात सुती कपडे चालत नाहीत. अंगभर पोहण्याचे कपडे हवे असतील तर पोहण्याच्याच कापडाचे घे. काही रिसॉर्टमध्ये रात्रीच्या जेवणाला पुरुषांना हाफ पँट आणि चपला चालत नाहीत, तेव्हा एक नीटस पँट आणि बूट असू देत.

कागदपत्रं आणि पैशांचं पटकन सांगते. आपल्या पासपोर्टवर मॉरिशसला पर्यटक म्हणून आधी व्हिसा काढावा लागत नाही. पण परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं, आणि प्रवासाआधीचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. सगळ्यांचे पासपोर्ट आजच काढून मुदती तपास. मुलांचे पाचच वर्षांचे असतात आणि नेमके तेच संपलेले निघतात. मुंबईहून थेट विमानाने साडेसहा तासांच्या आसपास लागतात. दुबईमार्गे गेलं तर वेळ दुपटीच्या घरात जातो, म्हणून थोडे जास्त पैसे गेले तरी थेट विमान घे आणि त्याच्या वारांवरून सुट्टी आख. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंस तर टीसीएस हा कर आगाऊ कापला जातो. तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, म्हणून ज्याच्या पॅनवर कापला त्याने पावती जपून ठेवायची. तिथलाही रुपयाच, पण आपल्या रुपयापेक्षा बराच महाग, तेव्हा भाव ऐकून लगेच हुरळून जाऊ नकोस. कार्डाने पैसे देताना यंत्राने विचारलं तर तिथल्याच चलनात दे. प्लग बहुतेक ठिकाणी इंग्लंडसारखे, चपट्या तीन पिनांचे. आपली गोल पिन त्यांत बसत नाही, म्हणून अडॅप्टर हवा. औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ने. फळं, बिया, रोपं नेऊ नकोस. डास पळवणारं मलम ने. आणि प्रवास विमा घेच, त्यात सासूबाईंचं आधीपासूनचं दुखणं धरलं आहे का, ते वाचून बघ.

फिरायचं किती? एक दिवस बाहेर, एक दिवस पाण्याकाठी, असंच आख. चालकासकट गाडी दिवसभरासाठी मिळते, ती घे. सकाळी लवकर निघ, कारण मे-जूनमध्ये पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. एका दिवशी शामारेलची सप्तरंगी माती, धबधबा आणि गंगा तलाव. तिथे वर पठारावर गार असतं, पावसाची सर येते, शाल असू दे. ल मॉर्नजवळचा तो 'पाण्याखालचा धबधबा' बघायचा म्हणून किनाऱ्यावर जाऊ नकोस. वाळू आणि गाळाच्या रेघांमुळे होणारा तो भास आहे आणि फक्त आकाशातून दिसतो. हेलिकॉप्टरचे पैसे वाचव.

दुसरा दिवस मात्र पोर्ट लुईला दे, आणि तिथे आप्रवासी घाटावर जा. हे मी हट्टाने सांगते. 1834 पासून 1920 पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, उसाच्या मळ्यांसाठी भारतातून इथे आले. बोटीतून उतरून ते ज्या दगडी पायऱ्या चढले, त्या अजून या घाटावर आहेत. त्या लोकांत आपल्या रत्नागिरीकडची, कोकणातली माणसंही होती. त्यांच्या वंशजांच्या घरी आजही गणपती बसतो आणि गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. वाटेत उसाच्या शेतांमधून काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतील, तेव्हा गाडी थांबवायला सांग. जवळ जा. एकेक धोंडा हातांनी उचलून, नीट रचून ठेवलेला आहे. ज्वालामुखीच्या या खडकाळ जमिनीत ऊस लावायचा तर आधी दगड वेचावे लागले, आणि ते या माणसांनी वेचले. लेकरांना तो ढीग दाखव आणि कुणी रचला ते सांग. हे बघितल्यावर बेट त्यांना नुसतं सुट्टीचं ठिकाण वाटणार नाही.

आणि आता तुझ्यापुरतं. मॉरिशसमध्ये किनारा रिसॉर्टच्या मालकीचा नसतो, भरतीच्या रेषेपर्यंत तो सगळ्यांचाच. रविवारी तिथली कुटुंबं डबे घेऊन फ्लिक आं फ्लाकच्या झाडांखाली येऊन बसतात, तिथे तूही जा. पण एक दुपार फक्त स्वतःसाठी ठेव, आणि ती आखणी करतानाच लिहून ठेव, नाहीतर ती कुणीतरी घेईल. लेकरं बाबांबरोबर पाण्यात जातील आणि सासूबाई सावलीत आरामखुर्चीवर बसतील, ते दोन-तीन तास तुझ्यावाचून छान निघतात. बुफेपाशी सगळ्यांच्या ताटल्या भरत उभी राहू नकोस, ज्याला हवं ते तो वाढून घेईल. या सहलीचे पैसे तूही साठवलेस, तर सुट्टीही तुझी होऊ दे.

तर आज पासपोर्ट बघ, उद्या थेट विमानाच्या तारखा बघ, आणि मग मला फोन कर. रिसॉर्ट आपण दोघी मिळून निवडू.