शाखेच्या बाजूने मोजा

पतसंस्थेच्या शाखेतून संध्याकाळी येणारा फोन बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतो: "सर, सर्व्हर स्लो चाललाय." अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण पट्ट्यातल्या एका पतसंस्थेचं संगणकाचं काम मी बघतो. मुख्य कार्यालय नगरमध्ये, शाखा पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत अशा पसरलेल्या, आणि कोअर बँकिंगचा सर्व्हर पुण्यातल्या डेटा सेंटरमध्ये. मधली लाइन त्या त्या तालुक्यातल्या ब्रॉडबँडवाल्याची. पिग्मी एजंट दिवसभराचं कलेक्शन घेऊन काउंटरवर येतात, मशिनमधल्या नोंदी चढवायच्या असतात, आणि नेमकं तेव्हाच स्क्रीनवरचं चक्र फिरत राहतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला. त्यानंतर या जिल्ह्यातला ठेवीदार फार सावध झाला आहे. पासबुकात वेळेवर नोंद झाली नाही की गावात कुजबुज सुरू होते. म्हणून हा विषय मला नुसता तांत्रिक वाटत नाही.

ब्रॉडबँडवाल्याचं उत्तरही ठरलेलं: "स्पीड टेस्ट लावून बघा, पूर्ण स्पीड येतंय." ते खरंही असतं. पण स्पीड टेस्ट अनेकदा त्याच कंपनीच्या जाळ्यातल्या सर्व्हरशी होते आणि ती मोजते एका वेळी किती माल वाहतो ते. कोअर बँकिंगच्या एका व्यवहारात माल अगदी थोडा असतो, फेऱ्या मात्र पुष्कळ. एका नोंदीला ३० फेऱ्या लागत असतील आणि प्रत्येक फेरीला २०० मिलिसेकंद, तर काउंटरवरचा माणूस ६ सेकंद थांबला. लाइन ५० एमबीपीएसची असो की २०० ची, हे ६ सेकंद कमी होत नाहीत. मोजायची असते ती फेरीची वेळ, म्हणजे लेटन्सी, आणि तीही सतत. तक्रार झाल्यावर हाताने पिंग मारून बघितलं तर तोवर सगळं सुरळीत झालेलं असतं.

आम्ही स्मोकपिंग लावलं. टोबियास ओटिकर या स्विस प्रोग्रॅमरचं हे मोफत साधन. एमआरटीजी आणि आरआरडीटूलही त्याचीच. मूळ सेटिंगमध्ये ते दर ५ मिनिटांनी प्रत्येक ठिकाणी २० पिंग पाठवतं. त्यांतली मधली वेळ रेघ म्हणून दिसते आणि बाकीच्यांचा पसारा करड्या धुरासारखा तिच्याभोवती. रेघ हिरवी असेल तर एकही पिंग हरवलेलं नाही. पिंग हरवायला लागली की रेघ निळसर होत जाते आणि फार हरवली की लाल. लिनक्ससर्व्हर या स्वयंसेवकांच्या गटाने त्याचा तयार डॉकर कंटेनर ठेवलेला आहे. पर्ल, एफपिंग, वेब सर्व्हर सगळं त्यातच येतं. शाखेतला बाजूला पडलेला जुना डेस्कटॉप या कामाला पुरतो.

पण हे मोजणारं यंत्र कुठे ठेवता यावर सगळं अवलंबून आहे. नगरला बसून शाखांना पिंग करावं असं कोणालाही आधी सुचतं. तालुक्याच्या बहुतेक जोडण्यांवर ते चालत नाही. शाखेच्या राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ पासून सुरू होणाऱ्या सामायिक गटातला असतो, एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक असतात, आणि बाहेरून मारलेलं पिंग ब्रॉडबँडवाल्याच्या यंत्रावरच थांबतं. तुम्ही महिनाभर सुंदर हिरवी रेघ बघाल आणि ती शाखेची नसेलच. मोजणारं यंत्र शाखेतच ठेवा, केबलने राउटरला जोडा. वायफायवर ठेवलंत तर भिंतीचा आणि शेजारच्या दुकानाच्या वायफायचा त्रास आलेखात मिसळेल. सगळ्या शाखांचे आलेख नगरला एकत्र हवे असतील तर स्मोकपिंगमध्येच मास्टर आणि स्लेव्ह अशी सोय आहे: शाखेतलं यंत्र मोजतं आणि आकडे मुख्य यंत्राकडे धाडतं.

टार्गेट्स फाइलमध्ये नुसता पुण्याचा सर्व्हर टाकू नका. पायऱ्या लावा. पहिली पायरी आपला राउटर, दुसरी ब्रॉडबँडवाल्याचं राउटरपलीकडचं पहिलं यंत्र, तिसरी पुण्या-मुंबईकडचा एखादा ओळखीचा सर्व्हर, चौथी आपलं कोअर बँकिंग. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. नगर ते पुणे साधारण १२० किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन जेमतेम सव्वा मिलिसेकंद. वाटेतली यंत्रं आणि केबलची वळणं धरून १० मिलिसेकंद आले तरी मी समाधानी असतो. रोजच ६० दिसत असतील तर वाट भलतीकडून फिरून जाते आहे. ट्रेसराउट करून बघा. सर्व्हरवाल्यांनी पिंग बंद ठेवलं असेल तर ४४३ पोर्टवर टीसीपीपिंग किंवा कर्ल प्रोब लावा. आणि मधल्या एखाद्याच पायरीवर पिंग हरवताना दिसली, पुढच्या पायऱ्या मात्र स्वच्छ असल्या, तर तक्रार करू नका. मोठे राउटर पिंगला उत्तर देण्याचं काम मागे ठेवतात. त्यांच्यातून जाणारी वाहतूक सुरळीत असते.

पाथर्डीच्या आलेखात राउटरची रेघ दिवसभर सपाट, १ मिलिसेकंदाच्या आत. दुसऱ्या पायरीवर संध्याकाळी ६ पासून टेकडी उभी राहायची, ५ वरून दीडशेच्या वर, आणि रेघ निळी व्हायची. घरोघरी मोबाईल आणि टीव्ही सुरू होण्याची ती वेळ. रात्री १० नंतर सगळं शांत. पुढच्या दोन्ही पायऱ्यांवर तीच टेकडी. हे चित्र समोर ठेवल्यावर ब्रॉडबँडवाल्याने आपली वरची लाइन कमी पडते हे मान्य केलं आणि आमची जोडणी हलवून दिली.

शेवगावलाही टेकडी दुसऱ्याच पायरीवर होती. तोच निष्कर्ष काढायचा मोह झाला असता. पण तिथे एकही पिंग हरवत नव्हतं, टेकडी शाखा उघडल्यावर सुरू व्हायची, आणि रविवारी तिचा पत्ताच नसायचा. जेवणाच्या सुट्टीत सीसीटीव्हीच्या डीव्हीआरची नेटवर्क केबल काढून ठेवली. पुढच्याच मोजणीत धूर खाली बसला. हालचाल दिसली की रेकॉर्डिंग क्लाउडवर पाठवायचं असं त्या कॅमेऱ्यांचं सेटिंग होतं. अपलोडची जागा भरायची आणि बाकीची पॅकेटं राउटरमध्ये रांगेत उभी राहायची. राउटरवर डीव्हीआरच्या अपलोडला मर्यादा घातली आणि काम झालं. म्हणून दुसऱ्या पायरीवरचं बोट ब्रॉडबँडवाल्याकडे वळवण्याआधी आपल्याकडची मोठी यंत्रं एकेक करून बंद करून बघा.

आता कंटेनरबद्दल, कारण खरी हानी इथे होते. ओळखीच्या दुसऱ्या एका संस्थेत कंटेनर नवीन आवृत्तीवर नेताना जुना काढला आणि त्याबरोबर साठलेले सगळे आलेख गेले. वादाची बैठक तोंडावर होती आणि हातात कोरं पान. कॉन्फिग आणि डेटा ही दोन्ही फोल्डर कंटेनरच्या बाहेर, यंत्राच्या डिस्कवर जोडलेली हवीत. पहिल्याच दिवशी कंटेनर मुद्दाम काढून पुन्हा उभा करा आणि मगाचे आलेख दिसतात का ते बघा. टाइमझोन एशिया/कोलकाता द्या. नाहीतर संध्याकाळची टेकडी दुपारी दिसेल. लाईट गेल्यावर आपोआप उठेल अशी रीस्टार्टची सूचना लिहा. यंत्र, राउटर आणि फायबरचा ओएनयू तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. नाहीतर आलेखातली रिकामी फट भारनियमनाची की लाइनची, हे नंतर सांगणं अवघड जातं. डॉकरचं आतलं जाळं बहुधा १७२.१७ पासून सुरू होतं. संस्थेच्या व्हीपीएनचे पत्तेही त्याच गटातले असले तर पिंग यंत्राबाहेर पडणारच नाही. पॉडमन वापरत असाल आणि एफपिंग परवानगी नाही म्हणत असेल, तर नेट रॉ ही क्षमता वेगळी द्यावी लागते. आणि स्मोकपिंगच्या पानाला स्वतःचा पासवर्ड नसतो, तेव्हा ते इंटरनेटवर उघडं ठेवू नका.

रास्पबेरी पायवर चालवणाऱ्यांना दोन गोष्टी. सतत लिहिणं आणि अचानक जाणारी वीज, दोन्हींनी मेमरी कार्ड लवकर मरतं; डेटा एसएसडीवर ठेवा. दुसरं, मोजण्या ज्यांत साठतात त्या आरआरडी फाइल ३२ बिट पायवरून उचलून ६४ बिट पीसीवर ठेवल्या तर त्या उघडत नाहीत. आरआरडीटूलने आधी एक्सएमएलमध्ये उतरवून पलीकडे पुन्हा उभ्या कराव्या लागतात. जुनं कार्ड पुसण्याआधी हे करा.

आरआरडी फाइलचा आकार जन्मतःच ठरतो. जुन्या मोजण्या पुढे एकत्र करून सरासरीत मिसळल्या जातात आणि दोन तासांची टेकडी बसून जाते. ५ मिनिटांची बारीक नोंद किती दिवस ठेवायची हे डेटाबेस फाइलमध्ये लिहिलेलं असतं. नंतर बदललंत तर आधीच्या फाइलना ते लागू होत नाही. किमान ३ महिने बारीक नोंद राहील असं सुरुवातीलाच बसवा. त्यावर विसंबूनही राहू नका, दर महिन्याला आलेख छापून फाइलला लावा.

दूरसंचार नियामक ट्रायचे सेवेच्या गुणवत्तेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहेत आणि त्यांत ब्रॉडबँडसाठी लेटन्सी आणि पॅकेट हरवण्याचेही निकष आहेत. तक्रार करताना दुसऱ्या पायरीचा आलेख वर ठेवा, कारण आपल्याकडची यंत्रं तपासून झाली असतील तर तेवढा तुकडा निर्विवाद त्यांचा. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात, तिथे निकाल लागला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे, हा क्रम ट्रायच्याच २०१२ च्या नियमांनी घालून दिला आहे. अपिलात पहिल्या तक्रारीचा क्रमांक विचारतात. लाइनमन ओळखीचा असतो, "दादा, बघून जा जरा" म्हटलं की येतोही, पण त्या फोनची नोंद कुठेच होत नाही. क्रमांक मागून घ्या आणि आलेखाच्या छापील प्रतीवर, तारखेशेजारी, पेनने लिहून ठेवा.