लहान आतड्याचा कॅन्सर : किती काढतात, किती राखतात?

"आतडं कापलं की माणूस संपला, नाहीतर जन्मभर पोटाला पिशवी," असं आपल्या वस्त्यांमध्ये सर्रास ऐकू येतं आणि त्या भीतीनं माणसं ऑपरेशन टाळतात. लहान आतड्याच्या कॅन्सरबाबत हे बहुतेक वेळा खरं नसतं. हे आतडं सुमारे 20 फूट लांब असतं. गाठ मधल्या भागात असेल तर गाठीचा तुकडा, दोन्ही बाजूंचा थोडा चांगला भाग आणि जवळच्या लसिकाग्रंथी काढून उरलेली टोकं जोडतात. पिशवी सहसा लागत नाही.

अवघड जागा म्हणजे जठराला लागून असलेला पहिला वीतभर भाग, ड्युओडेनम. त्याला स्वादुपिंड आणि पित्तनलिका जोडलेली असते. गाठ पित्तनलिकेच्या तोंडाशी असेल तर 'व्हिपल' नावाची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. त्यात स्वादुपिंडाचं डोकं आणि पित्ताशयही जातं, जठर मात्र पुष्कळदा वाचवता येतं. गाठ ड्युओडेनमच्या शेवटच्या टोकाला असेल तर तेवढाच भाग काढून स्वादुपिंड राखता येतं. 'जिस्ट' प्रकारची गाठ मोठी असेल तर आधी इमॅटिनिबच्या गोळ्यांनी ती लहान करून मग ऑपरेशन करतात. अवयव राखायचा, पण कॅन्सर मागे ठेवून नाही, हा हिशेब सर्जन मांडतो.

हा आजार दुर्मीळ आहे आणि म्हणूनच उशिरा सापडतो. रक्त पुन्हापुन्हा कमी होणं, डांबरासारखी काळी शी, जेवणानंतर पोटात कळ, उलट्या, वजन घटणं, कावीळ. आपल्याकडे बाईचं रक्त कमी म्हटलं की लोहाच्या गोळ्या देऊन विषय संपतो. (त्या गोळ्यांनीही शी काळी होते, म्हणून डॉक्टरांना तसं सांगा.) पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं रक्त कमी असेल तर ते कुठून जातं याचा शोध घ्यायलाच हवा. तोंडातून घातलेली दुर्बीण सुरुवातीचाच भाग पाहते, गुदद्वारातून घातलेली मोठं आतडं आणि लहानाचं शेवटचं टोक. दोन्ही 'नॉर्मल' आल्या तरी मधला लांबलचक भाग पाहायचा राहतोच. त्रास थांबत नसेल तर सीटी स्कॅनबद्दल विचारा.

कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय किंवा चौकचं ग्रामीण रुग्णालय इथून सुरुवात करता येते. पुढे टाटा हॉस्पिटल, परळ, किंवा त्याच संस्थेचं खारघरचं ॲक्ट्रेक. जुने रिपोर्ट, रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते दाखल होण्याआधीच आरोग्यमित्राला विचारा. ऑपरेशनपूर्वी सर्जनला विचारा, "काय काढणार, काय राखणार?" लहान आतड्याचा शेवटचा भाग बराच काढला असेल तर बी-12 ची इंजेक्शनं पुढे चालू ठेवावी लागतात, ती चुकवू नका.